सगळं कळतं, पण काम सुरूच होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वय २८, पुण्यात डेटा ॲनालिस्ट, स्वभाव अंतर्मुख. ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणीत ‘आयएनटीपी’ (INTP, म्हणजे अंतर्मुख, चिकित्सक प्रकार) आलं आणि वर्णन हुबेहूब जुळलं. नोकरी बदलायची आहे, पण सहा महिने रेझ्युमेच तयार होतोय. जुन्या मॅनेजरने स्वतःहून पाठवलेल्या मेलला तीन आठवडे उत्तर गेलेलं नाही. रात्री दोनपर्यंत डोकं चालूच असतं. घरचे आळशी म्हणतात. मेंदूची घडणच अशी असेल तर ती बदलेल का, आणि विचार थांबवायचे कसे?

आधी त्या चार अक्षरांचं बघू. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन प्रकार मांडले. त्यावरून पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी सोळा प्रकारांची चाचणी बांधली. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. याचं कारण साधं आहे: बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात आणि चाचणी त्यांना कुठल्यातरी एका कडेला ढकलते. वर्णन वाचून ‘माझ्यासारखे आणखीही आहेत’ असा दिलासा मिळतो, तो खरा असतो. मी तो कुणाचा काढून घेत नाही. फक्त त्या वर्णनाला कारण समजू नका.

चालढकलीवर झालेल्या अभ्यासांचं एक मोठं एकत्रित विश्लेषण पिअर्स स्टील यांनी २००७ साली प्रसिद्ध केलं. त्यात अंतर्मुख-बहिर्मुख असण्याचा चालढकलीशी संबंध अगदीच किरकोळ निघाला. ज्यांच्याशी ठळक संबंध दिसला, त्यातल्या दोन गोष्टी: ठरवलेलं तडीस न नेणं आणि आवेगीपणा, म्हणजे समोरच्या क्षणाच्या मोहात सापडणं.

आता तुम्ही म्हणाल, मी आणि आवेगी? मी तर पेन घ्यायचं तरी दहा रिव्ह्यू वाचतो. पण मोह प्रत्येकाचा वेगळा असतो. नको असलेलं काम समोर आलं की कुणी रील्स बघतो, कुणी फ्रिज उघडतो. तुमच्यासारखा माणूस विचार करायला लागतो. अजून एक टॅब उघडतो, आणखी एक तुलना करतो, ‘पण जर असं झालं तर’चा आणखी एक फाटा फोडतो. फ्युशिया सिरवा आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलं, की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून मूड सावरण्याचा प्रकार आहे. काम बघून अस्वस्थ वाटतं, काम बाजूला सारलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी पुन्हा टाळायला शिकवतं. तुमच्या बाबतीत अडचण एवढीच, की तुमची पळवाट कामासारखी दिसते. रील्स बघणाऱ्याला निदान अपराधी तरी वाटतं. चौदा रकान्यांची शीट करणाऱ्याला आपण फार मेहनत घेतली असंच वाटतं.

म्हणून ‘विचार कसे थांबवू’ या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. ते थांबत नाहीत, आणि तुमची रोजीरोटी त्यावर आहे. विचार कामाच्या आधी किती करायचा आणि नंतर किती, एवढंच आपल्याला बदलायचं आहे.

माझ्याकडे असं कुणी आलं की पहिल्या भेटीत मी उपाय सांगत नाही. कागदावर दोन रकाने करायला सांगते: गेल्या महिन्यात काय अडलं, आणि काय कुणी न सांगता झालं. तुमच्या पत्रातूनच ते भरता येतात. अडलेलं: रेझ्युमे पाठवणं, मॅनेजरला उत्तर, कॉलेजमधल्या मित्राला रेफरलसाठी फोन, घरमालकाशी भाडेकराराचं बोलणं. झालेलं: म्युच्युअल फंडांची तुलना करणारी भलीमोठी शीट, ऑफिसातली कुणालाच न सुटलेली क्वेरी, नव्या कीबोर्डचं संशोधन. दुसऱ्या रकान्यातली कामं काही सोपी नाहीत. घरमालकाला फोन करायला पाच मिनिटं लागतात आणि त्या क्वेरीला तुमची अख्खी रात्र गेली. आळशी माणसाचे रकाने असे दिसत नाहीत.

पहिला रकाना पुन्हा वाचा. तिथल्या प्रत्येक कामाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे. तो हो किंवा नाही म्हणणार आहे, आणि तुमच्याबद्दल काहीतरी मत करून घेणार आहे. दुसऱ्या रकान्यात असं कुणीच नाही. इतक्या वर्षांत अंतर्मुख, चिकित्सक माणसांचे असे कागद मी भरपूर पाहिले, आणि हा नमुना क्वचितच चुकतो. तुम्ही काम टाळत नाही, जोखलं जाणं टाळता.

‘मी परफेक्शनिस्ट आहे म्हणून उशीर होतो’ हे वाक्य आपण मुलाखतीत दोष म्हणून सांगतो आणि मनातून ते प्रमाणपत्र समजतो. स्टील यांच्या विश्लेषणात परफेक्शनिझमचा चालढकलीशी संबंध क्षीण निघाला होता. नंतरच्या अभ्यासांनी त्याची फोड केली. स्वतःच्या समाधानासाठी काम उत्तम करू पाहणारे उलट कमी टाळतात. आपलं काम इतरांच्या नजरेत उणं ठरेल ही धास्ती असणारे जास्त टाळतात. तुम्ही कुठल्या बाजूचे हे तपासायला एक प्रश्न पुरे: हा रेझ्युमे कुणीही कधीच वाचणार नाही असं कळलं, तरी त्यातल्या फॉन्टवर तीन संध्याकाळ घालवाल का?

अंतर्मुखतेची खरी किंमत मात्र इथे मोजावी लागते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बोलका माणूस अर्धाकच्चा विचार चहाच्या टपरीवर ओकून टाकतो. समोरचा म्हणतो, “काय डोकं खातोस, पाठव की!” झाली दुरुस्ती, तीही फुकट. तुमचा विचार पूर्ण झाल्याशिवाय बाहेरच येत नाही, आणि बाहेर येत नाही म्हणून तो पूर्णही होत नाही. ऑफिसातल्या मॅनेजरने एखाद्या मेलला फक्त ‘ओके’ लिहिलं, त्यावरून ‘ते नाराज आहेत, माझं नाव कापलं गेलं’ इथपर्यंत तुम्ही एकट्यानेच सुतावरून स्वर्ग गाठता. मधे अडवायला कुणी नसतं.

मग उपयोगाचा विचार आणि नुसतं चर्वितचर्वण, यातला फरक ओळखायचा कसा? दोन्ही आतून सारखेच वाटतात. माझी कसोटी एकच आहे: गेल्या अर्ध्या तासात नवीन माहिती आली का? आली असेल तर तो विचार, चालू द्या. तोच डेटा सहाव्यांदा फिरवला असेल, तर जात्यात दाणे संपलेत आणि आता दगडच झिजतोय. अशा वेळी दाणे डोक्यातून मिळत नाहीत. ते बाहेरून, कुठल्यातरी कृतीतून येतात. रेझ्युमे कसा आहे हे तुम्हाला अजून सहा महिने विचार करून कळणार नाही. पाच ठिकाणी पाठवून किती फोन येतात यावरून कळेल. डेटा ॲनालिस्टला हे मी सांगावं हा विनोदच आहे, पण ऑफिसात कुणी शून्य नमुन्यावर निष्कर्ष काढला तर तुम्हीच त्याला फाडून खाल.

आता काय करायचं ते. सगळे उपाय सगळ्यांना लागत नाहीत. जे तुमच्यासारख्यांना लागू पडताना पाहिलेत तेच सांगते.

प्रश्नाचा पहिला शब्द बदला. एक्झिटर विद्यापीठाचे एडवर्ड वॉटकिन्स यांनी अशा घोळणाऱ्या विचारांवर बरीच वर्षं काम केलं आहे. ‘मी असा का आहे’, ‘माझ्याच बाबतीत असं का होतं’ असे मोघम ‘का’ माणसाला खोल नेतात. ‘नेमकं काय झालं’, ‘पुढची पायरी कशी’ हे प्रश्न वर आणतात. चिकित्सक माणसाला ‘का’चा फार अभिमान असतो, म्हणून हे जड जातं. पीएचडी करणाऱ्या एका मुलीने गाइडच्या मेलला दीड महिना उत्तर दिलं नव्हतं. बालपण, आत्मविश्वास, वडिलांचा धाक, सगळ्याचा कीस पाडून झाला होता. शेवटी विचारलं, मेल उघडल्यावर कुठल्या ओळीवर हात थांबतो? तर पहिल्याच. अमेरिकेतल्या सवयीप्रमाणे त्या गाइड बाईंनी ‘मला नावाने हाक मार’ सांगितलं होतं, आणि हिला ‘मॅडम’ लिहावं की नुसतं नाव, हे सुटेना. बालपण खोटं होतं असं नाही. पण दीड महिना अडला होता तो मायन्यात. तुमचा जुन्या मॅनेजरचा मेल आत्ता उघडा आणि कुठल्या शब्दाशी पोटात कालवतं ते बघा. माझा अंदाज, त्यांनी सध्याचा पगार विचारला असेल किंवा ‘कधी जॉइन होऊ शकशील’ असं काही.

दुसरं, एकात एक गुंतलेले निर्णय सोडवा. तुमच्या डोक्यात ‘रेझ्युमे पाठवणं’ आणि ‘नोकरी सोडणं’ हे एकच झालेलं आहे, म्हणून पहिल्याला दुसऱ्याइतकी भीती चिकटली आहे. अर्ज करणं म्हणजे माहिती मिळवणं. मुलाखत देणं म्हणजे आणखी माहिती मिळवणं. निर्णय घ्यायचा तो ऑफर हातात आल्यावर, आणि त्यानंतरही आपल्याकडच्या आयटीत ९० दिवसांपर्यंतचा नोटीस पिरियड असतो. जे परत फिरवता येतं त्यावर एक संध्याकाळ. जे फिरवता येत नाही, म्हणजे घर घेणं, लग्न, राजीनामा, त्यावर हवा तेवढा वेळ. तुमचा हिशेब उलटा झालाय. रेझ्युमेला सहा महिने दिलेत, आणि उद्या एखाद्या शुक्रवारी वैतागून राजीनामा मात्र पाच मिनिटांत द्याल. हेही मी पाहिलेलं आहे.

शोध कुठे थांबवायचा हे शोध सुरू करण्याआधी लिहून ठेवा. ‘सर्वोत्तम’ शोधत बसण्यापेक्षा ‘एवढ्या अटी पूर्ण झाल्या की पुरे’ असं माणूस प्रत्यक्षात ठरवतो आणि त्याने तसंच करावं, हे हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. त्यांना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उलट बाजूही सांगते, कारण ती लपवली तर तुम्ही स्वतः शोधून काढालच. शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांच्या २००६ मधल्या अभ्यासात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांमध्ये ‘सर्वोत्तमच हवं’ म्हणणाऱ्यांना सुमारे २० टक्के जास्त पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या. आणि मिळालेल्या नोकरीवर ते कमी समाधानी होते. म्हणजे चोखंदळपणा फुकट जात नाही. पण त्या मुलांनी अर्ज पाठवले होते, हे विसरू नका.

सुरुवात करण्यासाठी ‘जर-तर’ बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं या विषयावरचं काम १९९९ पासून गाजलेलं आहे आणि वारंवार तपासलं गेलं आहे. ‘या वीकेंडला रेझ्युमे संपवतो’ हा नुसता संकल्प झाला. ‘रात्री जेवून ताट सिंकमध्ये ठेवलं, की लॅपटॉप उघडून सध्याच्या नोकरीचा फक्त पहिला मुद्दा लिहीन’ याला जर-तर म्हणतात. वेळेपेक्षा आधी घडणारी कृती धरा. नऊ वाजलेत हे नजरेतून सुटतं, ताट ठेवणं सुटत नाही. आणि पळवाटेसाठीही एक बांधून ठेवा: नवा टॅब उघडावासा वाटला, तर आधी हातातलं वाक्य पूर्ण करीन. निवांत वेळ मिळाला की एकदम बसू, असं म्हणत नमनालाच घडाभर तेल जाळणाऱ्यांना ही पायरी हास्यास्पद वाटते. वाटू द्या.

रात्रीच्या दोनचा प्रश्न वेगळा आहे. काळजीसाठी रोज ठरावीक वेळ नेमायची, ही पद्धत टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासली होती. संध्याकाळी अर्धा तास, रोज त्याच खुर्चीत, वही-पेन घेऊन. पलंगावर नाही. दिवसभरात घोर लागला की दोन शब्द टिपायचे आणि ‘साडेसहाला बघू’ म्हणून पुढे जायचं. साडेसहाला प्रत्येक टिपणापुढे एकतर पुढची पायरी लिहायची, नाहीतर ‘माझ्या हातात नाही’ असं लिहून रेघ मारायची. पायरी लिहिण्याला महत्त्व आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अपुरं काम डोक्यात घुमत राहतं, पण ते कधी-कसं करायचं याची नेमकी योजना केली तरी घुमणं बरंच ओसरतं, काम अजून झालेलं नसलं तरी. पहिला आठवडा वैतागाचा जातो. टिपणं भाराभर होतात आणि साडेसहाला त्यातली निम्मी वाचून हसू येतं. मन चिंती ते वैरी न चिंती, याचा लेखी पुरावाच हातात येतो.

माणसांच्या बाबतीत बहिर्मुख व्हायची काही गरज नाही. एकच माणूस निवडा आणि त्याला अर्धवट गोष्ट दाखवा. मुद्दाम अर्धवट. बोलणं जड जात असेल तर व्हॉट्सॲपवर लिहून: “हे कच्चं आहे, फक्त पहिला परिच्छेद वाच आणि समजतंय का सांग.” ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, नाहीतर उत्तरातल्या प्रत्येक शब्दाचं पोस्टमॉर्टेम कराल.

आणि अभ्यासिका. सदाशिव पेठ, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. महिना फी भरायची, आपल्या खुर्चीत बसायचं, शेजारी कुणीतरी मान खाली घालून वाचतंय, कुणी कुणाशी बोलत नाही. अंतर्मुख माणसासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही: माणसांचा धाक आहे आणि गप्पांचं ओझं नाही. नोकरीवाले तिथे जायला लाजतात. घरून काम करणाऱ्या काही जणांना मी संध्याकाळचे दोन तास तिथे पाठवलं आणि खोलीत आठवडाभर न झालेलं तिथे झालं. लायब्ररीही चालेल. कॅफे नको, तिथे तुम्ही लोकांचं निरीक्षण करत बसाल.

नकाराची भीती विचाराने जात नाही, सवयीने जाते. विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणारे अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी अतिशय लाजाळू होते. १९ व्या वर्षी महिनाभर न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्याच सांगण्यानुसार शंभरेक जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. पण कुणी आरडाओरडा केला नाही, आकाशही कोसळलं नाही, आणि भीती गेली. (हा प्रयोग आज सारसबागेत करू नका, तो त्या बायकांना ताप होईल आणि तुम्हाला पोलीस चौकी दिसेल.) तुमच्यासाठी त्याचं रूप असं: जिथे नकार मिळण्याची बरीच शक्यता आहे अशा ठिकाणी आठवड्याला दोन अर्ज. मोजायचे ते पाठवलेले अर्ज. होकार मोजायचे नाहीत.

घरच्यांच्या ‘आळशी’बद्दल. आईला या सगळ्या संज्ञा समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, तोही एक टाळाटाळीचा प्रकल्प होईल. पण तुम्ही स्वतःला जे बोलता त्याकडे लक्ष द्या. कॅनडातल्या कार्ल्टन विद्यापीठाच्या वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. आपल्याकडे समज उलटा आहे, की स्वतःला चांगलं झापलं की माणूस सुधारतो. झापल्यावर ते काम आणखी नकोसं होतं, आणि नकोसं झालेलं आपण टाळतो.

हे सगळं ज्याला लागू नाही, ते वेळीच ओळखायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, त्या आवडत्या शीट्स आणि कीबोर्डमध्येही नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगणं निरर्थक वाटतं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. लहानपणापासूनच वस्तू हरवणं, अर्धवट सोडणं, एका जागी न टिकणं असेल, आणि माणूस समोर असो-नसो सगळीच कामं अडत असतील, तर एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या. मेल पाठवण्याआधी वीस-वीस वेळा तोच शब्द तपासल्याशिवाय राहवत नसेल आणि त्यात तास जात असतील, तर ओसीडीचा (तेच ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचा) विचार करावा लागतो. तिन्हीसाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात. फोनवर आधी बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला यातलं काही ठळक दिसत नाही, पण पत्रावरून निदान होत नसतं.

राहिला तो तीन आठवड्यांचा मेल. रेझ्युमे, अभ्यासिका, वही हे सगळं त्याच्यानंतर. तुमच्या वतीने लिहून देते: “नमस्कार सर, तुमचा मेल वाचला, आठवण ठेवलीत त्याबद्दल आभार. मला या कामात रस आहे. या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर कधीही बोलता येईल.” एवढंच. उशीर का झाला हे लिहू नका. ते लिहायला घेतलंत तर दोन परिच्छेद होतील, त्यातला सूर बरोबर आहे का हे तपासायला तुम्ही मेल ड्राफ्टमध्ये टाकाल, आणि चौथा आठवडा सुरू होईल.